न विचारता उठवलेला अंगठा

तिनं माझा अंगठा धरला. शाईच्या पॅडवर दाबला. कागदावर उठवला. आणि पुढच्या म्हातारीचा हात वढला.

"ताई, मला सही येते," म्या म्हटलं.

"असू द्या हो आजी, वेळ नाही," ती म्हणाली. माझ्याकडं बघितलंसुदिक न्हाई. संस्थेची पोरगी. पुण्याची.

मी सातवी शिकलेली बाई. अंगणवाडीत मदतनीस होते, सत्तावीस वर्षं. रोज रजिस्टरवर सही केली.

नसरापूरच्या हॉलात बैठक होती. म्हाताऱ्यांसाठी काम करणारी संस्था, तिची. त्यांची दवाखान्याची गाडी आमच्या गावात येते, विंझरच्या पुढं. बीपी बघतात, गोळ्या देतात. आता गावात म्हाताऱ्यांसाठी केंद्र काढणार होते. दिवसा बसायला जागा, गरम जेवण. त्यासाठी म्हणे सगळ्यांशी सल्लामसलत. पैसे देणारे पाहुणे मुंबईवरनं आलेले. ते, संस्थेचे सर आणि आमचा सरपंच स्टेजवर. आमी म्हातारी माणसं खाली. दीड तास तेच बोलले. पडद्यावर आमचे फोटू दाखवले. आमाला कुणी काय विचारलं न्हाई. शेवटाला म्हणाले, टाळ्या वाजवा. मग हे अंगठे.

अंगठ्यांचा कागद माझ्या पुढच्याच टेबलावर ठेवलेला. चष्मा लावला. वाचला.

"केंद्राच्या जागेबाबत आमच्याशी चर्चा झाली. गावातील देवळाचा सभामंडप आम्हा सर्वांना मान्य आहे."

खाली आमचे अंगठे.

त्या सभामंडपात आमची बौद्धवस्ती आजवर बसलेली न्हाई. मागल्या साली ह्याच संस्थेनं तपासणीचं शिबिर तिथं घेतलं, तवा आमाला पायरीखाली उन्हात उभं केलं. माझी शेजारीण सखूबाई भवळ येऊन पडली. तिला पाणी दिलं ते वरनं वतून. हाच सरपंच तिथं उभा होता. हीच पोरगी फोटू काढत होती.

टेबलाला धरून उठले. कागद मोठ्यानं वाचला. सगळा.

"ही चर्चा कवा झाली?" म्या विचारलं.

पाहुण्यांनी सरांकडं बघितलं.

सर हसले. "आजी, पाहुणे लांबून आलेत. तुमचं आपण नंतर बघू."

"नंतर न्हाई. पाहुण्यांसमोरच."

सरपंच माईक न घेताच बोलला, "ह्यांना कितीबी द्या, ह्यांचं रडगाणं संपत न्हाई."

ह्यांना. अंगणवाडीत पोरं माझ्या हातची खिचडी खायची, आणि त्यांच्या आया दारात म्हणायच्या, ह्यांना ठेवलंच कशाला. सत्तावीस वर्षं मान खाली घालून भांडी घासली. नोकरी जाईल म्हणून. आता नोकरी नव्हती. भ्या पण नव्हतं.

"ह्यांना म्हंजी कुणाला? नाव घे," म्या म्हटलं. जन्मात पयल्यांदा त्याला अरेतुरे केलं.

तो पाहुण्यांकडं वळून हसला.

त्या पोरीच्या हातातला पेन घेतला. माझ्या अंगठ्यावर काट मारली. बाजूला लिहिलं, मला मान्य नाही, मला कुणी विचारलं नाही. खाली सही. पूर्ण नावानं.

मागनं एक म्हातारबुवा उठले. डोंगरावरच्या धनगरवाड्याचे. "बाई, माज्याबी अंगठ्यावर काट मारा. आमच्या वाड्यापातुर ह्यांची गाडी कवा आलीच न्हाई."

पाहुण्यांसमोर सरांना तो कागद रद्द करावा लागला. पण पुढच्या महिन्यात गाडी सरपंचाच्या वरच्या आळीला थांबली आणि तिथनंच माघारी गेली. आमच्या वस्तीकडं वळलीच न्हाई. सखूबाईच्या गोळ्या संपल्या. ती मलाच म्हणाली, "कशाला तोंड उघडलंस?" सरपंचापेक्षा ते जास्त लागलं. एसटीनं वेल्ह्याला गेले, सरकारी दवाखान्यातनं तिच्या गोळ्या आणल्या.

मग त्या पोरीचा फोन. "आजी, सरांना एकदा सॉरी म्हणा ना. गाडी परत सुरू करू."

"सॉरी म्हणायला सरांनाच वस्तीवर धाड," म्या म्हटलं. फोन ठेवला.

आता मी घरोघर जाते. वस्तीत, वरच्या आळीत, दम खात खात धनगरवाड्यावरसुदिक. प्रत्येक म्हाताऱ्याला विचारते, केंद्र कुठं पायजे? शेजारी कोण बसलेलं चालतं, कोण न्हाई? जो जे सांगतो ते त्याच्या नावापुढं लिहिते. कुणी शिव्या दिल्या तर शिव्याबी लिहिते.

पुढल्या बैठकीचं बोलावणं मला येणार न्हाई. ठाऊक हाय. तरी मी जाणार. वही घेऊन जाणार, पाहुण्यांसमोर वाचणार. आणि पुन्यांदा माझ्या वस्तीला उन्हात उभं करायचं ठरलं असंल, तर ते केंद्र मी चालू होऊ देणार न्हाई.