पाणी कुठं अडलं

नागपुरात उन्हाळा कॅलेंडर पाहून येत नाही. गच्चीवरून कूलर खाली आला की आला. सक्करदऱ्याच्या आमच्या घरात तो धुवायचा मान बाथरूमला. मार्च लागला की आई आणि मी त्याच्या जाळ्या काढायचो, त्यातलं गेल्या वर्षीचं कुजकं गवत झटकायचो आणि पाइप लावून सगळं चकाचक करायचो. पुढं आठवडाभर बाथरूमचं पाणी घोट्यापर्यंत उभं राहायचं आणि आम्ही दोघी बिल्डरच्या नावानं बोटं मोडायचो. गवताचा आणि पाण्याचा काही संबंध असेल, हे आमच्या डोक्यात कधी आलंच नाही.

गेल्या मार्चमध्ये मी ठरवलं, प्लंबरच्या विनवण्या करायच्या नाहीत, आधी आपणच पाहायचं. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये पाणी सोडलं, सरसर गेलं. संडासात बादली ओतली, तीही गेली. फक्त बाथरूम अडून बसलेलं.

"चेंबर भरला असन," आई म्हणाली.

चेंबर भरला असता तर सगळीकडेच तुंबलं असतं, हे मी तिला समजावू लागले.

"मंग पाहून ये ना. भाषण काहून देऊन राहिली वं?"

मागच्या अंगणात जाऊन मी चेंबरचं झाकण कसंबसं उचकटलं. आत पाणी बिनबोभाट वाहत होतं. म्हणजे अडथळा आत, बाथरूमच्या मोरीवरच्या जाळीखालीच होता. मला कोण आनंद झाला! तेवढ्यात घरातून खोकल्याचा आवाज आला.

आई सत्तरीची, पण धीर म्हणून नाही. साचलेल्या पाण्यात डास होतील म्हणून सकाळीच तिनं त्यात ब्लिचिंग पावडर टाकली होती. आता माझी वाट न पाहता अ‍ॅसिडची बाटली त्यावरच उपडी केली. दोन औषधं दिली की गुण लवकर येतो, असा तिचा हिशोब. आणि हे सगळं कडी लावून! तिचं लहानपण गोणपाटाच्या आडोशाला आंघोळ करण्यात गेलं होतं. तेव्हापासून नुसती बादली विसळायची असली तरी ती आतून कडी लावतेच.

दाराशी पोचले तर त्या दोन्हींच्या मिश्रणाचा विषारी वायू फटीतून येत होता, त्यानं माझाच घसा सोलून निघाला.

"आई, कडी काढ!"

आत बादली पडली. पुन्हा खोकला आला आणि मग तोही थांबला. खोकतेय तोवर ती आहे, एवढंच मला कळत होतं. मी हाका मारत होते, लाथा मारत होते, आणि डोक्यात एकच घोळत होतं, ही गेली, मी दाराच्या या बाजूला उभी असताना गेली.

दार प्लॅस्टिकचं होतं म्हणून वाचलो. मधली फळी फुटली, हात घालून मी कडी काढली. पदर नाकावर दाबून आई भिंतीला टेकून उभी होती. तिला ओढत अंगणात आणलं. तिनं तोंड उघडलं, पण श्वास काही आत जाईना. मग गेला, तो शिट्टीसारखा वाजत. त्या आवाजाची मला भीती वाटत होती, आणि तो थांबेल याची त्याहून जास्त.

शेजारच्या काकांनी गाडी काढली. दवाखान्यात तिला ऑक्सिजनचा मास्क लावला, रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी घरी येऊन मी खिडक्या उघडल्या, भरपूर पाणी सोडलं आणि हातमोजे घालून जाळीखाली हात घातला. कूलरच्या गवताचा मुठीएवढा बोळा निघाला. रडू आलं, आणि तिच्यावर संतापही आला.

तसाच राग घेऊन मी दवाखान्यात परत गेले. "कडी सापडली नाही का तुले?"

तिनं मास्क बाजूला केला. "सापडली ना. पण तू दाराले चिकटून उभी होती. उघडलं असतं तर सारं तुह्या नाकातोंडात गेलं असतं. म्हटलं, जरा कमी होऊ दे."

मी मास्क पुन्हा तिच्या तोंडावर चढवला. ती आणखी काही बोलली असती तर मला ऐकवलं नसतं.