अर्धं ओगराळं

पहिली बढती मिळाली तेव्हा मी आईला सरगूरहून मैसूरला बोलावून घेतलं आणि सरस्वतीपुरममधल्या एका घरगुती हॉटेलात दुपारच्या जेवणाला नेलं. घराच्या पुढच्या खोलीत दहा खुर्च्या, आत स्वयंपाक करणारी एकटी बाई. हंगामात जे मिळेल त्याचे नऊ पदार्थ ती एकामागून एक, घासभरच वाढते. जागा महिनाभर आधी सांगून ठेवावी लागते.

आई सरगूरच्या शाळेत दुपारचं जेवण शिजवायची. मी त्याच शाळेत शिकले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि ती पदवी त्या चुलीच्या जोरावर मिळाली हे मी विसरलेले नाही. शंभरेक मुलं जेवून उठली की तळाशी राहिलेलं आई खायची. काही राहिलं नाही तर "मला भूक नाही" म्हणायची. कुणीतरी तिला बसवून पोटभर वाढावं, एवढंच माझ्या मनात होतं.

पहिलं आलं ओल्या पावट्याचं सार, तीन चमचे. आईला आवडलं. मग तळहातात मावेल एवढी तांदळाची भाकरी आली. ती खाताना आई स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती. तिसऱ्या पदार्थाला तिनं ताटलीवर हात आडवा धरला.

"साकु, साकु. पुरे झालं."

"आई, अजून सहा यायचेत."

"तू खा. मला भूक नाही."

हे वाक्य मला चांगलं माहीत होतं. चौथा पदार्थही तिनं परत पाठवला, तेव्हा ती बाई हात पुसत बाहेर आली. कन्नडमध्ये म्हणाली, "अम्मा, मीठ जास्त झालं का? खरं सांगा."

"छे, छे, छान आहे," आई तिला म्हणाली, आणि मराठीत माझ्या कानाशी, "अगं, हिचं कमी पडलंय. अर्ध्या ओगराळ्यानं वाढायला लागलं की पातेलं तळाला गेलेलं असतं. मी केलंय ना तेच! आपणच सगळं खाल्लं तर ही काय खाणार?"

"इथली पद्धतच तशी आहे, आई."

"शिकलीस पुष्कळ, पण पंगतीत वाढलंयस का कधी?"

मी त्या बाईला सरळ सगळं सांगून टाकलं. मला वाटलं ती हसेल, पण ती हसली नाही. "या अम्मा," म्हणून आईला आत घेऊन गेली. मागून मीही गेले. तिनं एकेका पातेल्यावरचं झाकण काढून दाखवलं. आईनं ओल्या तुरीच्या आमटीत ओगराळं उभं घालून पाहिलं.

"हे दहा जणांना?"

"दहा जणांना. आणि मला."

"मग एवढं एवढंसं का वाढतेस, मगळे?" आई तिला आता लेक म्हणायला लागली होती.

"सगळ्याची चव कळावी म्हणून."

"चव बघायला आलेल्यांना तसं वाढ. मी पहाटेच्या बसनं आलेय."

तेव्हा मात्र ती बाई मोठ्यानं हसली. आपलं रोजचं स्टीलचं ताट काढून तिनं त्यात भात आणि आमटी वाढली, ओगराळं भरून. पाचवा पदार्थ बाकीच्यांना जरा उशिरानं मिळाला. पलीकडच्या टेबलावरचे गृहस्थ आमच्याकडे वळून बघत होते. मला थोडं ओशाळल्यासारखं झालं, नाही असं नाही.

आई बाहेर येऊन बसली आणि माझ्याआधी जेवायला लागली. ती बाई पुन्हा पातेलं घेऊन आली तेव्हा मी आईच्या हाताकडे बघत राहिले. तिनं ताट जरा पुढे सरकवलं.

"थोडं अजून वाढ," ती म्हणाली. "तूर छान शिजलीय."