पाय वाचवणारी पँट

त्या दुष्काळात कारखान्यांनाच ऊस कमी पडला, म्हणून आम्ही नवरा-बायको तोडीला न जाता घरीच राहिलो. गावातल्या मोसंबीच्या बागा उभ्याच्या उभ्या वाळल्या होत्या. गावच्या सहकारी सोसायटीनं झाडं कापायची मशीन आणली आणि ती चालवायचं काम आमच्या ह्यांना मिळालं. मशीनबरोबर सगळा जामानिमा आला: जाळीचं हेल्मेट, कानावरची झाकणं, हातमोजे आणि दोन जाडजूड पँटी. त्यातली एक ह्यांना मिळाली, दुसरी सोसायटीच्या कपाटात गेली.

मशीन शिकवायला अंबाजोगाईहून एक माणूस आला होता. त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं, की ह्या पँटच्या आत लांब धागे भरलेले असतात. मशीनची झाड कापणारी दातेरी चेन चुकून मांडीला लागली, तर धागे ओढले जाऊन चेनमध्ये गुंततात आणि मशीन जागच्या जागी बंद पडते. पण एकदा चेन लागली की ती पँट गेली, मग दुसरी घालायची. मी बायकांत उभी राहून नीट ऐकलं. आमचे हे मात्र तेवढा वेळ मशीनकडेच बघत होते, लग्नात नवरीकडेही असं बघितलं नव्हतं.

उन्हाळ्यात ती पँट म्हणजे अंगावर गोधडी. पारावरचे टवाळ विचारायचे, "चंद्रावर निघाला का बे?" हे दुसऱ्याच दिवशी साध्या पायजम्यावर निघाले. मी दारात आडवी आले. "पँट न्हाई तर भाकर न्हाई. तुमची तुमी थापून खा." माझं तोंड किती मोठं आहे हे गावाला ठाऊक आहे. कुरकुरत का होईना, त्यांनी पँट घातली.

महिनाभरानं एका दुपारी हे लवकर घरी आले आणि ओसरीवर मटकन बसले. चेहरा पांढराफटक. फांदी कापून होताच मशीन खाली आली होती आणि थेट डाव्या मांडीवर बसली होती. पँट फाटून पांढऱ्या धाग्यांचे झुबके बाहेर लोंबत होते. आत मांडीवर नुसता काळानिळा वळ. मला रडू फुटलं आणि रडता रडता मी त्यांना शिव्याही दिल्या. सासूबाईंनी ह्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

खरी पंचाईत पुढे झाली. सासूबाईंनी पँट धुतली, शिवली, देवापुढे ठेवून तिला हळदकुंकू लावलं. आमच्या घरात फाटलेलं कधी टाकलंच जात नाही, आणि ही तर लेकाचा पाय वाचवलेली. मी म्हटलं, सोसायटीतली दुसरी आणा. हे माझ्यावर उखडले.

"हिनं माझा पाय वाचिवलाय. नवीचा काय भरवसा?"

"आवं, त्या माणसानं सांगितलं व्हतं, एकदा लागली की ती गेली!"

"त्याला काय जातंय सांगाया? मी हीच घालणार."

एवढा मोठा माणूस, पण पँट छातीशी धरून बसला होता. मला हसू येईना. उद्या चेन परत तिथंच बसली तर काय, हे डोळ्यासमोरून हलत नव्हतं. सकाळी हे तीच पँट चढवून मशीन घेऊन निघाले, तेव्हा मी ह्यांचा नाद सोडला आणि सासूबाईंना हाताला धरून पुढे केलं.

"आत्याबाई, तुमीच शिवलीय. ह्या शिवणीच्या आत काय हाय, सांगा ह्यांना."

त्या म्हणाल्या, "ते पांढरं समदं बाहीर आलतं, कापून टाकलं. जागा पोकळ दिसाया लागली, तवा माझ्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या..." आणि बोलता बोलता थांबल्या. त्यांनी लेकाच्या मांडीवर, बरोबर त्या शिवणीवर हात ठेवला.

"काढ ती," त्या म्हणाल्या.

"आये, अगं..."

"काढ म्हन्ते ना! माझ्या लुगड्यानं मशीन थांबती व्हय रे?"

ह्यांनी मुकाट्यानं पँट उतरवली. सासूबाईंनी तिथंच फतकल मारून दातांनी आपली शिवण उसवली आणि चिंध्या बाहेर काढून लेकाच्या पुढ्यात टाकल्या. मग हे पायजमा चढवून सोसायटीकडे गेले आणि दुसरी पँट घेऊन आले. सासूबाईंनी ती आतून बाहेरून चाचपून बघितली, तेव्हा कुठं ह्यांना जाऊ दिलं.

पुढे दोन उन्हाळे ह्यांनी मशीन चालवली. आता वय झालंय. सकाळी उठताना गुडघ्यांच्या नावानं खडे फोडतात, तेल लावून दे म्हणून माझ्यामागे लागतात. मीही चिडते, बडबडते. पण विचारायचं सोडत नाही, "आज कोणता पाय दुखतोय?"

"दोन्ही," ते वैतागून म्हणतात.

मी तेल घेऊन बसते.