टॉवेल माझ्याकडे होता

दुकानात आला की तो आधी काउंटरच्या काचेवर तळहातानं तीन थापा मारायचा आणि म्हणायचा, "हरलो भाऊ. सोडा."

त्याला कुणी धरलेलं नसायचं. मी नुसतं "बस, चहा घे" म्हटलं की थापा. क्रिकेटवरून वाद घालताना माझा आवाज चढला की थापा. एकदा ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन आला आणि मी म्हटलं, "एवढा कशाला आणलास?" तर डबा काचेवर ठेवून पुन्हा तेच. काच एका बाजूनं तडकली होती, पण मी ती बदलली नाही.

माझं फ्लेक्स छापायचं दुकान लोणावळ्याच्या बाजारात आहे. तुम्ही कधी आला असाल तर रस्त्यावर हात जोडून उभी असलेली मोठमोठी माणसं तुम्ही पाहिली असतील. त्यातली बरीचशी माझ्याकडून मोठी होऊन गेलेली आहेत. पासपोर्ट फोटो घेऊन यायचं आणि दहा फुटी होऊन जायचं. त्याचं नाव मात्र इथं सांगत नाही. ते मी एकदा चार फुटी अक्षरांत छापलं होतं, तेवढं पुरे झालं.

तो लढायचा ते जाळीत. चारी बाजूंनी जाळी, आत दोघं, आणि ठोसे, लाथा, कुस्ती, गळा आवळणं सगळं चालतं. खेळाचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे. आमच्याकडे सगळे 'जाळीतली कुस्ती' म्हणतात. त्यात समोरच्यानं हात पिरगळला, आता मोडणारच असं वाटलं, की त्याच्या अंगावर किंवा खाली जमिनीवर थाप मारायची. म्हणजे हरलो, सोड. त्याच क्षणी सोडावं लागतं. मारणारा कितीही रंगात आलेला असो.

"हा नियम ज्यानं केला ना भाऊ, त्याला आई असणार," असं तो म्हणायचा.

त्याची स्वतःची आई चिक्कीच्या कारखान्यात लाटायचं काम करायची. मूळची पवन मावळातली, नवरा गेल्यावर इथं आलेली. गुळाचा पाक ओट्यावर ओतला की तो घट्ट व्हायच्या आत लाटून, कापून मोकळं व्हावं लागतं. शाळेत असल्यापासून तोही तिच्याबरोबर लाटणं घेऊन उभा राहायचा. त्याचे तळवे चटके बसून बसून चामड्यासारखे झाले होते. मनगटं तिथंच तयार झाली, असं तो मुलाखतीत सांगायचा, आणि मुलाखत घेणाऱ्याला वाटायचं की हा चेष्टा करतोय.

हो, मुलाखती व्हायला लागल्या होत्या. पुण्या-मुंबईच्या जिममध्ये त्याची चित्रं लागली होती. पर्यटक चिक्की घ्यायला थांबायचे आणि चिक्की विसरून त्याच्याबरोबर फोटो काढायचे. जुन्या तालमीतले आबा तेवढे नाक मुरडायचे. "ना माती, ना लंगोट. ही कसली कुस्ती?" म्हणायचे. तो त्यांच्या पाया पडायचा आणि त्यांच्याच गुडघ्यावर तीन थापा मारायचा. मग आबाही हसायचे.

एकदा तुंगार्लीच्या एका बंगल्यावर फ्लेक्स पोचवायचा होता. मी त्याच्या स्कूटरवर मागं, मांडीवर गुंडाळी आडवी धरलेली. धरणाच्या रस्त्याला वळताना गुंडाळीचं टोक एका मोटारीला घासलं. आतून एक दांडगा माणूस उतरला आणि चूक माझी असताना त्यानं ह्याची कॉलर धरली. ह्यानं शांतपणे गाडीच्या बॉनेटवर तीन थापा मारल्या.

"हरलो सर. सोडा."

तो माणूस गोंधळलाच. कॉलर सोडून, काहीतरी पुटपुटत निघून गेला. माझं मात्र डोकं फिरलं होतं. "अरे, एका हातानं आडवा केला असतास त्याला!"

"ते त्याला माहीत नाय, मला माहीत आहे," तो स्कूटर चालू करत म्हणाला. "एकाला माहीत असलं की बास भाऊ."

हरण्याची लाज नसलेला माणूस मी तेवढाच पाहिला. मला तर नगरपालिकेच्या रांगेत मागं राहायचीसुद्धा लाज वाटते.

मग बॉक्सिंगचं आलं. पुण्यात मोठ्या हॉलमध्ये लढत, समोर मुरलेला बॉक्सर, आणि जाळीतला स्टार रिंगमध्ये उतरणार म्हणून जाहिरात. त्याचं मन होत नव्हतं. "लाथ नाय, पकड नाय. अर्धा मी घरीच ठेवून जायचं," म्हणत होता. त्याला भरीला घातलं ते मी. बॉक्सिंग हा जगात मान असलेला खेळ आहे, जाळीतलं कुणाला कळत नाही, ही लढत जिंकलास तर आईचं लाटणं सुटेल, असं बरंच काय काय बोललो. शेवटी त्यानं काचेवर तीन थापा मारल्या. मी जिंकलो.

जायच्या आधी दोन दिवस तो एक टॉवेल घेऊन आला. पिवळा, लाल फुलाफुलांचा, त्याच्या आईनं बाजारातून आणलेला.

"भाऊ, बॉक्सिंगमध्ये थाप नसते. कोपऱ्यातल्या माणसानं टॉवेल टाकला की लढत थांबते. माझ्या कोपऱ्यात तुम्हीही बसायचं. हा तुमच्याकडे ठेवा."

"तुझा कोच आहे की."

"तो आयोजकांचा माणूस आहे. तो नाय टाकणार. मी मांडीवर तीनदा हात मारीन. तुम्ही रोज बघता माझी थाप, तुम्हाला लगेच कळेल."

आईही सोबत आली होती. ती दारातूनच म्हणाली, "तुमी हाय ना तितं, मंग मला काय घोर न्हाई."

मी टॉवेलाची घडी घातली आणि छातीशी धरली. त्या वेळी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. निकालाचे फ्लेक्स निकालानंतर छापायचे म्हटले तर मिरवणुकीला पोचत नाहीत. आमच्या हवेत शाई वाळत नाही आणि वीज तर भरवशाची नाहीच. म्हणून निवडणूक असो की दहावीचा निकाल, 'विजयाबद्दल हार्दिक अभिनंदन' आम्ही आदल्या दिवशीच छापून ठेवतो. त्याचाही छापला. वीस फुटी. हात उंचावलेला तो, आणि खाली मित्रपरिवाराच्या फोटोंची रांग. इतक्या वर्षांत मी स्वतःला कधी फ्लेक्सवर घेतलं नव्हतं. त्या दिवशी उजव्या कोपऱ्यात माझा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'मार्गदर्शक'. कुणी सांगितलं नव्हतं. कडेनं दोरी ओवायच्या रिंगा मारून तो टेम्पोच्या बाजूला बांधला आणि टेम्पो हॉलच्या बाहेर उभा केला. वर ताडपत्री टाकली होती. जिंकला की दोरी ओढायची आणि तिथूनच वाजतगाजत लोणावळ्याला यायचं, असं ठरलं होतं.

पहिली फेरी बरी गेली. दुसरीत तो दमला. जाळीत दमला तर तो समोरच्याला मिठी मारून खाली घ्यायचा, इथं मिठी मारली की पंच सोडवायचे. दोन-तीनदा त्याचा पाय आपोआप उचलला गेला आणि त्यानं तो मागं घेतला, ते मला दिसलं.

फेरी चालू असताना कोपऱ्यातल्या माणसांनी रिंगच्या खाली बसायचं असतं. मी स्टुलावर बसलो होतो, टॉवेल मांडीवर. तिसऱ्या फेरीत तो आमच्याच कोपऱ्यात अडकला, दोरांना पाठ लावून, दोन्ही ग्लोव्ह तोंडासमोर. मग डावा ग्लोव्ह खाली आला आणि मांडीवर आपटला. एक, दोन, तीन.

मला दिसलं. अगदी स्वच्छ दिसलं.

माझ्या मागं दोन बस भरून आलेले लोणावळेकर ओरडत होते. माझ्या नावानंही दोघं-चौघं ओरडले. बाहेर टेम्पो उभा होता. मला वाटलं, एवढी फेरी निघून जाईल. मला वाटलं, घंटा व्हायला किती वेळ राहिलाय. खरं सांगायचं तर मला ताडपत्रीखालचा माझा फोटो आठवला. मी टॉवेल मांडीखाली सरकवला आणि त्यावर बसलो.

घंटा झाली, तो स्टुलावर येऊन बसला. माझ्याकडे त्यानं एकदाच पाहिलं. रागानं नाही. दुकानात गर्दी असली की माझं लक्ष जाईपर्यंत तो थांबायचा, तसं पाहिलं. कोच ओरडून काहीतरी सांगत होता. मी त्याच्या तोंडाला पाण्याची बाटली लावली आणि म्हणालो, "चांगला खेळतोयस."

चौथ्या फेरीत त्यानं पुन्हा थापा मारल्या. आणि थोड्या वेळानं पुन्हा. दर वेळी तोच डावा हात खाली यायचा आणि दर वेळी ठोसा तिथंच बसायचा, डाव्या डोळ्यावर. ज्या हातानं डोळा झाकायचा, त्याच हातानं तो मला सांगत होता. शेवटच्या वेळी ठोसा बसल्यावर तो गुडघ्यांवर आला आणि पंचांनी लढत थांबवली. मी उठलो तेव्हा टॉवेल माझ्या घामानं ओला झाला होता.

टेम्पो आम्ही जुन्या रस्त्यानं परत आणला, ताडपत्री न काढता. बसमधले लोक "नशीब नव्हतं" म्हणत होते. मीही म्हणालो.

डाव्या डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. शस्त्रक्रिया झाली. मी दवाखान्यात शहाळी घेऊन गेलो, तर तो मलाच विचारत होता, "तुम्ही जेवलात का भाऊ?" टॉवेलाचा विषय त्यानं काढला नाही. मी काढला नाही हे सांगायला नकोच.

काही महिन्यांनी तो दुकानात आला. डोळा बाहेरून ठीक दिसत होता. काचेवर तळहात ठेवून तो उभा राहिला आणि मी थापांची वाट पाहत राहिलो. हात तिथंच राहिला.

"परत जाळीत जायचं म्हणतोय," तो म्हणाला. "बोलावलंय त्यांनी. डॉक्टर हो म्हणाले तर."

"अरे, पण डोळा..."

"बघू. पण तिथं बरं आहे भाऊ. तिथं आपला आपल्याला हरता येतं."

टोमणा मारायचा त्याचा स्वभावच नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मी चहा मागवला. तो नको म्हणाला, साधं, तोंडानं. मग हात उचलून निघून गेला. त्याच आठवड्यात तो सरावासाठी दूर कुठंतरी गेला. डॉक्टर हो म्हणाले की नाही, तो जाळीत उतरला की नाही, हे मला अजून माहीत नाही. मोबाईलवर शोधलं तर सापडेलही. मी शोधत नाही.

मे संपत आला तेव्हा त्याची आई दुकानात आली. "भाऊ, त्यो फ्लेक्स हाय का अजून? मागच्या पडवीचा पत्रा वाऱ्यानं गेलाय. नुसतं वासंच ऱ्हायलेत. वाया कशाला घालवायचा?"

"मी घेऊन येतो," म्हणालो.

ती गेल्यावर मी गुंडाळी उलगडली. हात उंचावलेला तो, आणि उजव्या कोपऱ्यात हसणारा मी. कटर घेतला आणि तेवढा कोपरा कापून टाकला.

तिच्या घरी शेजारच्या माणसानं वर चढून फ्लेक्स वाशांवर पसरला. खालून ती सांगत होती, "छापलेली बाजू खाली करा. मंग सैपाक करता करता दिसंल मला." बांधून झाल्यावर ती मान वर करून बराच वेळ पाहत राहिली. मग तिला कोपरा दिसला.

"हितं कुनी कातरलं?"

"फाटला होता," मी म्हणालो.

तिनं मला पाटावर बसवलं. "तुमी तवापासनं घरी येत न्हाई. वाईट वाटून घेऊ नगा. पोरानं मला समदं सांगितलंय."

मी विचारलं, "काय सांगितलं?"

"म्हनला, मी मांडीवर हात मारला, पन भाऊंना गर्दीत दिसलंच न्हाई. दिसलं असतं तर टाकल्याबिगर ऱ्हायले असते व्हय तुमी?"

त्याला ठाऊक होतं. स्टुलावर बसून त्यानं माझ्याकडे पाहिलं तेव्हाच त्याला सगळं कळलं होतं, आणि तरी आईपाशी त्यानं मला झाकलं होतं. आता माझं काम फक्त दोन शब्दांचं होतं. मला दिसलं. एवढंच बोलायचं होतं. ती समोर होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. वरून तो हात उंचावून पाहत होता.

"नाही दिसलं," मी म्हणालो.

"तेच म्हनते मी," ती म्हणाली आणि डब्यातून चिक्की काढून माझ्या हातावर ठेवली. "घ्या. सकाळचीच हाय."

मी दोन तुकडे खाल्ले. गोड लागले, हे लिहितानाही मान वर होत नाही.