दवाखान्यातला खून

शॉर्ट फिल्म करायची हे वेड माझ्या डोक्यात शिरलं तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. आणि करायची तर न्वार पद्धतीचीच, म्हणजे काळीपांढरी, सावल्यांची, जिच्यात कोणी धड सज्जन नसतं आणि एक तरी मुडदा पडतो. नवा रायपुरच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावरचे भैया लग्नांचे फोटो फार छान काढतात, म्हणून आधी त्यांना धरलं. सगळं ऐकून ते छत्तीसगढीत "हव", म्हणजे हो, म्हणाले. चार दिवसांनी त्यांनी विचारलं, "दीदी, वो नवार वाली फिल्म में खटिया कौन लाएगा?" न्वारची त्यांनी खाट विणायची नवार केली होती.

गोष्ट मी लहानच ठेवली होती. एक बाई गुप्तहेर असते. तिच्याकडे दुसरी बाई काम घेऊन येते, अर्धा तास गोड बोलते, तिचा खून करते आणि पदर सावरून निघून जाते. गुप्तहेर मी होणार होते, कारण फुकट मिळणारी तेवढीच होती. दुसरी बाई लिहिताना मात्र माझ्या डोळ्यांसमोर एकच चेहरा होता, माझ्या ताईचा. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांत ताई नुसती गप्प उभी राहिली तरी मागच्या रांगेतले लोक चिवडा खायचे थांबायचे. पण ताई दोन वर्षांपासून माझ्याशी बोलत नव्हती. ती रेल्वे कॉलनीत, मी पुरानी बस्तीत, मध्ये स्कूटीने वीस मिनिटं, आणि तरीही नाही.

चूक माझी होती. तिची मुलगी, माझी भाची, रायपुरातच वाढलेली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती हिंदीत देते. कॉलेज संपल्यावर घरातल्या एका लग्नात तिने हिंमत करून सगळ्यांसमोर मला मराठीत सांगितलं, "मावशी, माझी शिक्षा पूर्ण झाली." माझी जीभ पहिल्यापासून तिखट. मी म्हणाले, "असं का? गुन्हा काय केला होता?" सगळा मांडव हसला. तिला वाटत होतं शिक्षा म्हणजे शिक्षण, हिंदीत ते तसंच आहे, आणि हे मला माहीत होतं. पोरगी रडत बाहेर गेली. ताई माझ्याजवळ येऊन एवढंच बोलली, "लय हुशार आहेस तू." त्यानंतर तिचा फोन नाही.

मीही केला नाही. आधी अकडीमुळे, मग लाजेमुळे. फिल्मबद्दल घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही, कारण ताईने ऐकून नुसते ओठ मुरडले असते तरी मला ते सोसलं नसतं. ताईच्या जागी कोण, या रकान्यात मी महिनाभर प्रश्नचिन्ह ठेवून बसले होते.

जागा मात्र झकास मिळाली. शंकर नगरात एका ओळखीच्या दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे, त्याच्या खिडकीला आडव्या पट्ट्यांचे पडदे आहेत आणि रविवारी तो बंद असतो. सकाळी नऊ ते साडेनऊ ऊन तिरपं आत येतं आणि फरशीवर काळ्यापांढऱ्या पट्ट्या पडतात, अगदी विणलेल्या नवारीसारख्या. भैयांना तेव्हा माझा मुद्दा पटला. ठरलं की एका रविवारी आधी नुसतं उजेडाचं गणित बघायचं, मुडदा कुठे पडेल ते ठरवायचं आणि मग शूटिंगची तारीख काढायची. चादरी धरून बाकीचा उजेड अडवायला माणसं हवी होती. म्हणून त्या सकाळी सातला मी फिल्मच्या ग्रुपवर आठवण टाकली: "आज नऊला शंकर नगरच्या दवाखान्यात खून. माणसं कमी पडत आहेत. जमेल त्यांनी यावं."

ती गेली घरच्या ग्रुपवर. लक्षात येऊन पुसणार, तेवढ्यात भाचीचा मेसेज आला, "मौसी, किसको?"

दोन वर्षांत तिने मला लिहिलेला हा पहिला शब्द. मंडळातल्या कोणाकडून तरी फिल्मचं कळलं असेल, असं मी धरून चालले. इतका आनंद झाला की चहा तसाच राहिला. लिहिलं, "मलाच."

"सीरियस है क्या?"

विनोदी आहे का, असं तिला विचारायचं असेल. मी लिहिलं, "हो, गंभीर आहे." मग फोन फ्लाइट मोडवर टाकला, कारण कॅमेरा म्हणून तोच वापरायचा होता, आणि निघाले.

नऊ वाजून दहा मिनिटांनी मी दवाखान्याच्या फरशीवर उताणी पडले होते. डोळे मिटलेले, एक चप्पल मुद्दाम लांब फेकलेली. भैया स्टुलावर चढून म्हणत होते, "दीदी, साँस मत लो." तेवढ्यात दार उघडलं.

"काय झालं वं तुले?"

हा आवाज मी झोपेतही ओळखला असता. डोळे उघडले तर ताई माझ्याशेजारी गुडघे टेकून बसलेली, केस विस्कटलेले, घरातल्याच साडीवर. मागे भाची एक बाही दंडापर्यंत दुमडून उभी. "मौसी, मेरा भी बी पॉज़िटिव है," ती म्हणाली. "मैं नाश्ता करके आई हूँ, ले लेंगे."

मला काहीच कळेना. मी उठून बसले, तशी ताई ओरडली, "झोपून राय!" मग तिने स्टुलावरच्या भैयांकडे पाहिलं, माझ्या एकाच पायातल्या चपलेकडे पाहिलं.

"आपने ही तो लिखा था," भाची आता घाबरली होती. "दवाखाने में खून, लोग कम पड़ रहे हैं. और बाहर आपकी स्कूटी भी खड़ी है."

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. मराठीत खून म्हणजे मुडदा पाडणं. हिंदीत खून म्हणजे रक्त. मी मुडदा लिहिला होता आणि तिने रक्त वाचलं होतं. मी अडखळत सगळं सांगितलं. भाचीची मान खाली गेली, लग्नात गेली होती तशीच. आता मावशी काय बोलणार, याची ती वाट पाहत होती.

मी तिची दुमडलेली बाही हाताने सरळ केली. "तू बरोबरच वाचलंस," मी म्हणाले. "मलेच लिहिता आलं नाही." आणि मग मी रडले, भैयांसमोर, अगदी नाक ओढत. जिच्या शब्दाला मी मांडवात हसले होते, ती नाश्ता करून मला रक्त द्यायला आली होती. तरी मनातून इतकं हलकं वाटत होतं की रडणं थांबवावंसंही वाटेना.

ताई उठली. पदराने कपाळ पुसलं, माझी लांब पडलेली चप्पल उचलून आणली आणि माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "वाटेत माहा जीव अर्धा झाला." मग इकडेतिकडे बघत विचारलं, "अन् खून करतं कोण?"

"तूच," मी म्हणाले. "लिहिलं तेव्हापासून तूच आहेस."

"बरं झालं. दोन वर्षांपासून मनात तेच होतं."

भाची फसकन हसली. मग सगळेच हसलो, भैया स्टुलावरून उतरून. हसता हसता मी ताईचा हात धरला आणि विचारलं, "ताई, माझी शिक्षा पूर्ण झाली का?"

"अजून नाही," ताई म्हणाली. तिने पर्स भाचीकडे दिली, साडीचा पदर खोचला आणि खिडकीतून येणाऱ्या पट्ट्यांकडे नीट पाहून घेतलं. "ऊन चाललं. आधी खून होऊ दे."

मी चप्पल पुन्हा लांब फेकली आणि फरशीवर आडवी झाले.