मासा मेल्याची बातमी

वारज्यातल्या माझ्या घरात खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यात एक फायरफिश आहे. बोटाएवढा, पुढून पांढुरका, शेपटीकडे लाल होत गेलेला. भित्रा मासा. बाहेर सावली हलली तरी दगडाखालच्या भोकात शिरतो. तरी वर्षभर संध्याकाळी तो मला दिसत असे.

निवृत्तीनंतर मी टाकीवर नवा एलईडी दिवा बसवला. मासेवाल्याने बजावलं होतं, "काका, सुरुवातीला मंदच ठेवा. एकदम वाढवलात तर हा बाहेर यायचा नाही." मला चांगले फोटो हवे होते. पहिल्याच दिवशी दिवा पूर्ण ताकदीवर लावला आणि बुधवार पेठेतून आणलेल्या टायमरवर वेळ ठरवून दिली, सकाळी नऊ ते रात्री नऊ.

मासा दिसेनासा झाला. आठ दिवसांनी तो मेला असं मी ठरवलं. कारणही ठरवलं. फरशी पुसताना फिनेल पाण्यात उडालं असणार.

फरशी पुसणाऱ्या बाई सकाळी साडेसहाला येतात, दुपारी भांड्यांसाठी परत येतात. घराची चावी त्यांच्याकडेच असते. मी एकटा राहतो आणि रात्रपाळीने लावलेली उशिरा उठायची सवय अजून सुटलेली नाही. दुपारी मी त्यांना टाकीपाशी उभं केलं.

"मेला कशानं? हाय की तो," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी बघते मी."

"कुठे?"

"ह्या डावीकडच्या दगडापाशी. तुमचा दिवा लागायच्या आत."

"आणखी कोणी पाहिलाय?"

"त्या वक्ताला इथं कोण असतंय? तुम्ही तर घोरत असता."

प्रश्न नेमके होते, उत्तरंही नेमकी होती. मी टाकीकडे बोट दाखवलं. झगझगीत उजेडात नुसते दगड दिसत होते. दुसऱ्या दिवशी सातला उठलो असतो तर सोक्षमोक्ष लागला असता. मी उठलो नाही. वर्तमानपत्राच्या नोकरीत दुसरीकडून खात्री केल्याशिवाय मी बातमी सोडत नसे. ही सोडली.

सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहिलं, 'साफसफाईतील निष्काळजीपणामुळे टाकीतील मासा दगावला. रहिवाशांनी काळजी घ्यावी.' नाव लिहिलं नाही. गरजच नव्हती, आमच्या इमारतीत फरशीला तेव्हा त्या एकट्याच येत. खाली लगेच कोणीतरी लिहिलं, 'आमची कुंडी कशी फुटली ते आत्ता कळलं.' त्या आठवड्यात दोन घरांनी बाईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. माझ्याकडे त्या येत राहिल्या. फक्त टाकीसमोरची हातभर फरशी पुसेनाशा झाल्या.

पुढच्या गुरुवारी सकाळी दुरुस्तीसाठी वीज गेली. पंप बॅटरीवर चालू राहिला, दिवा विझला. पडदे ओढलेले होते. अर्ध्या तासाने डावीकडच्या दगडाखालून मासा बाहेर आला आणि पाठीवरचा लांब काटा हलवत पाण्यात स्थिर राहिला. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की तो मला दिसला नसता तर बरं झालं असतं.

वीज आली, दिवा लागला, मासा गेला. मी ग्रुपवर लिहिलं, 'मासा जिवंत आहे. प्रखर प्रकाशामुळे लपला होता.' अकरा अंगठे आले.

दुपारी बाई आल्या.

"मासा आहे," मी म्हणालो.

"मला काय सांगता, काका? ग्रुपवर सांगा."

"टाकलंय." मी वाचून दाखवलं.

"ह्यात मी कुठाय?"

"आधीच्यातही तुमचं नाव नव्हतं."

"तवा नाव नसून समद्यांना कळलं. आता नाव नसल्यावर कुणाला कळणार?" त्या भांड्यांकडे वळल्या.

मग मी तिसरा मजकूर लिहिला. बाईंचं नाव घातलं. त्यांनी खरं सांगितलं होतं, मी पडताळलं नाही, दिवा मीच वाढवला होता, असं लिहिलं. एकही अंगठा आला नाही. त्या दोन घरांत तोवर दुसऱ्या बाई लागल्या होत्या.

दिवा आता मंद असतो. मासा दुपारीही फिरतो. टाकीसमोरची हातभर फरशी अजून कोरडीच राहते, आणि ती पुसा असं बाईंना सांगायची माझी हिंमत झालेली नाही.