घाटातली तडतड

आशा हा प्रकार देवानं केवळ नातेवाइकांचा छळ व्हावा म्हणून निर्माण केला असावा, आणि त्यातला निम्मा वाटा एकट्या आमच्या साडूंना देऊन टाकला असावा. पुंडलिकनगरात आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून ते राहतात. म्हणजे घर तिथं आहे. ते स्वतः राहतात त्यांच्या लाल टर्बो गाडीच्या बॉनेटखाली. वाळूजच्या एका कारखान्यात, पत्रे ठोकणाऱ्या प्रेसशॉपच्या धडधडाटात उभा जन्म काढून निवृत्त झालेला माणूस एरवी देवळात जातो, गुडघ्यांवर बोलतो, मेथी निवडतो. साडूंनी जुना लॅपटॉप आणि वायरींचं भेंडोळं आणलं आणि कंपनीनं शहाणपणानं बसवलेलं इंजिनचं टायमिंग मोडून स्वतःचं बसवायला घेतलं. पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी किती डिग्री आधी पाडायची, या दोन प्रश्नांत आमच्या दोन्ही घरांचे सगळे रविवार बुडाले. ठिणगी जरा आधी पडली की गाडी उधळते. पण जास्तच आधी पडली की इंजिन आतून तडतडतं, आणि तडतडत राहिलं तर एक दिवस कायमचं बसतं. साडूंचा हट्ट एकच होता. फर्दापूरकडून अजिंठ्याचा घाट, गाडी माणसांनी भरलेली असताना, पाय न उचलता आणि एकदाही तडतड न होता चढायचा.

हे होणार नाही, हे गल्लीतल्या कुत्र्यालाही कळत होतं. ऐन थंडीतल्या पहाटे "टायमिंग जमलं!" म्हणून ते पेढे वाटत, आणि मे महिन्याच्या उन्हात तीच गाडी तडतडायला लागली की पुन्हा लॅपटॉप उघडून बसत. पेढे मात्र परत मागत नसत, एवढाच काय तो आमचा फायदा. टायमिंगचं हे खूळ बॉनेटपुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं. पण ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, फोडणी टाकायला लागली की हे मागून म्हणत, "मोहरी लवकर पडली. दोन डिग्री मागं घे." ताईंनी एकदा उलथनं उगारून विचारलं होतं, "हे किती डिग्रीत घालू?" साडूंच्या भाचीचं सिल्लोडला लग्न होतं तेव्हा तर त्यांनी कहर केला. मुलीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा, आणि मामा फुलंब्रीला रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभे. कुठंतरी बारीक आवाज आल्याचा त्यांना संशय आला होता. आम्ही पोचलो तेव्हा पंगत बसली होती. साडू शांतपणे म्हणाले, "भटजीनं मुहूर्तच जरा ॲडव्हान्स धरला." साडूंची बहीण वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही.

तडतड पकडायला इंजिनाला एक सेन्सर असतो. त्याला ती ऐकू आली की लॅपटॉपवर लाल रेघ उभी राहते. साडूंचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. त्यांनी इंजिनाला तांब्याची नळी बांधली होती, तिला रबरी नळी जोडून ती आत आणली होती, आणि तिचं टोक कानात खुपसून ते गाडी चालवत. अलीकडं लाल रेघा फार दिसायला लागल्या तेव्हा त्यांनी सेन्सर बदलला. नव्यानंही तेच दाखवलं, तर तोही बदलला. "लई भित्रा माल येतो आजकाल," म्हणाले. "कान हाय ना आपला."

मग एका रविवारी आम्ही तो घाट चढायला घेतला. मागं ताई आणि माझी बायको, पुढं मी, मांडीवर लॅपटॉप. अर्ध्या घाटात साडूंचा चेहरा असा फुलला, की इतक्या वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता. "साडूभाऊ, गप हाय! इंजिन पार गप हाय! तुम्हीच ऐका!" आणि त्यांनी नळी माझ्या हातात दिली. मी कानाला लावली. पत्र्याच्या डब्यात ज्वारी ओतावी तशी तडतड चालली होती.

"दाजी, वाजतंय हो," मी म्हणालो.

त्यांनी गाडी कडेला घेतली. मग म्हणाले, "पुन्हा चढवतो. वाजलं की माझ्या गुडघ्यावर बोट मारा." मी बोट मारत गेलो आणि दर बोटाला लॅपटॉपवर लाल रेघ उठत गेली. साडू एकदा माझ्या बोटाकडं, एकदा रेघेकडं बघत होते. काढून फेकलेले सगळे सेन्सर खरं बोलत होते. वर पोचल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं. "कान तिकडंच ऱ्हायले म्हणायचे, वाळूजला," ते म्हणाले, आणि नळी गुंडाळून ताईंच्या हातात दिली.

त्याच आठवड्यात त्यांनी कंपनीचं टायमिंग परत घातलं. यासाठी मी किती देवांना नारळ कबूल केले होते! पण सुटलो असं काही वाटलं नाही. रविवारी सकाळी त्यांचा हॉर्न वाजत नाही आणि पेपर वाचून संपतो. परवा त्याच बहिणीच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं, सिल्लोडलाच. आम्ही निघालो आणि फुलंब्री कधी मागं पडली ते कळलंही नाही. मांडववाले खुर्च्या मांडत होते तेव्हा मामा हजर! बहीण धावत आली, हसली, रडली. वाटेत मात्र साडूंनी काच खाली करून हळूच विचारलं होतं, "साडूभाऊ, काय म्हणतीय गाडी?"

मी पुष्कळ वेळ कान देऊन ऐकलं. "काहीच नाही, दाजी."

"मग ठीक हाय," ते म्हणाले. "म्हणजे आज दोघालाबी सारखंच ऐकू येतंय."